वीरांच्या मिरवणुकीसाठी चिलखत घरीच घडवा

धुळवडीला महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रंग खेळतात, तेव्हा नाशकात वीरांची मिरवणूक निघते. रंग इथे रंगपंचमीला, शनी चौकासारख्या ठिकाणच्या रहाडींमध्ये, म्हणजे रंगाच्या हौदांमध्ये. फाल्गुन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलू लागली की घरोघरचे लोक देवघरातला वीराचा टाक, म्हणजे वीर पूर्वजाची धातूची प्रतिमा, घेऊन वाजतगाजत पंचवटीत रामकुंडावर येतात, टाकाला गोदावरीचं स्नान घालतात, होळीला प्रदक्षिणा घालतात. बाशिंग बांधलेल्या, मिरवणुकीतल्या मानाच्या दाजीबा वीराच्या दर्शनाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी उभी असते. आणि याच गर्दीतून छोटे राम, हनुमान, कृष्ण, खंडोबा, शिवाजी महाराज आईबाबांचा हात धरून घाटाकडे चाललेले असतात.

या मुलांचे पोशाख बहुतेक भाड्याने आणलेले असतात. एका मापात अनेक मुलांना बसवलेला सॅटिनचा अंगरखा, कपाळाला रुतणारा पत्र्याचा मुकुट, दर दहा पावलांनी घसरणारा कमरपट्टा. मूल अर्ध्या वाटेत रडकुंडीला येतं आणि मुकुट आजोबांच्या हातात जातो. हे टाळता येतं. पुठ्ठा, फोम, रद्दी, सुतळी आणि जुन्या साडीचे काठ एवढ्या सामानातून घरच्या घरी असं चिलखत घडतं की ते दुरून धातूचं वाटावं आणि मुलाच्या अंगावर आहे-नाहीसं व्हावं. होळीच्या आधीचे तीन शनिवार-रविवार त्यासाठी पुरतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. हा पोशाख फोटोपुरता नाही. फाल्गुनातलं ऊन, ढोल-ताशांची गर्दी, घाटाच्या ओल्या पायऱ्या आणि होळीचे निखारे, या चारही गोष्टींतून तो घालून मूल चालत जाणार आणि परत येणार आहे. खालचा प्रत्येक निर्णय या वाटेकडे बघून घ्यायचा आहे.

पात्र: पंचवटीतला राम कसा दिसत होता?

राम म्हटला की आपण सोनेरी मुकुट आणि पितांबर आणतो. पण पंचवटीतला राम वनवासी होता. वल्कलं, जटा आणि हाती धनुष्य, हा त्याचा इथला वेश. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात एक प्रसंग पोशाख घडवणाऱ्याच्या फार कामाचा आहे. खर चौदा हजार राक्षसांचं सैन्य घेऊन चालून येतो, तेव्हा राम लक्ष्मणाला सीतेसह गुहेत जायला सांगतो आणि अग्नीसारखं झळाळणारं कवच अंगावर चढवून एकटा उभा राहतो. काळाराम मंदिराजवळची सीतागुंफा लोकश्रद्धेने याच प्रसंगाशी जोडलेली आहे. त्याआधी अगस्त्य ऋषींनी रामाला शस्त्रं दिली होती. सोन्याहिऱ्यांनी मढवलेलं धनुष्य, बाण न संपणारे भाते आणि सोन्याच्या म्यानातली तलवार.

म्हणजे जटा आणि वल्कलांवर तेजस्वी कवच, असा राम याच मातीतला आहे आणि भाड्याच्या दुकानात तो मिळत नाही. कवचाचा आकार, नक्षी, बांधणी ग्रंथात तपशीलवार दिलेली नाही, त्यामुळे तुमच्या कल्पनेला पूर्ण मोकळीक आहे. शिवाय हा वेश मुलाला सोयीचा. डोक्यावर जड मुकुट नाही, अंगात सुती कपडा, वर फक्त छातीचं कवच. खाली त्याचीच कृती दिली आहे. हीच रीत मावळ्याच्या चिलखताला, हनुमानाच्या बाजूबंदांना किंवा एखाद्या काल्पनिक राज्याच्या योद्ध्यालाही लागू पडते.

माप आणि कागदी नमुना

कापायला बसण्याआधी मुलाला मोजा. छातीचा आणि कमरेचा घेर, खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतची रुंदी, मनगट, पोटरी आणि डोक्याचा घेर. मोजताना आत घालायचा सुती सदरा अंगात असू द्या आणि घेरात चार-पाच सेंटिमीटर सैलपणा ठेवा.

आता वर्तमानपत्राचा नमुना करा. कागद उभा मधोमध दुमडा, दुमडीवर छातीच्या अर्ध्या भागाचा आकार काढा आणि कापा. उलगडला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या मिळतात. तो मुलाच्या छातीवर चिकटपट्टीने लावून त्याला खाली बसायला, हात वर करायला, पायऱ्या चढायला सांगा. कागद काखेत फाटला तर तिथला आकार आणखी खोल कापायचा. मांडी वर घेताना खालची कड टोचली तर उंची कमी करायची. कवच कमरेच्या हाडाच्या वर संपलेलं बरं, म्हणजे मूल वाकू शकतं आणि दमलं तर कुणाच्या तरी खांद्यावरही बसू शकतं. नमुन्यावर घालवलेला एक तास पुढे फोमचा आख्खा तुकडा वाचवतो.

सामान

लहान मुलांच्या खोलीत किंवा व्यायामशाळेत अंथरतात त्या, एकमेकांत अडकणाऱ्या चटयांचा फोम (ईव्हीए) या कामाला उत्तम. तो हलका असतो, गरम केला की वळतो आणि थंड झाला की वळण धरून ठेवतो. मोठ्यांसाठी दहा मिलिमीटर जाडी चालते. मुलांसाठी पाच-सहा मिलिमीटर पुरे. नक्षीसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी दोन मिलिमीटरची फोम शीट घ्या.

फोम नसेल तर खोक्याचा पुठ्ठाही चांगला. त्याच्या आतल्या नळ्यांची दिशा उभी ठेवली तर तो छातीभोवती सहज गोल वळतो. आडवी ठेवली तर मोडून चुण्या पडतात. थर्माकोल मात्र नको. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तो भुगा होऊन नदीत जातो आणि स्प्रेच्या रंगाने विरघळतोही.

याशिवाय नव्या पात्याचा कटर, पोलादी पट्टी, फेव्हिकॉल, रबरी गोंद, सुतळी, रुंद इलॅस्टिक, वेल्क्रो, ॲक्रिलिक रंग आणि सुती अस्तर लागेल. काठाला जुन्या साडीची किनार वापरा. येवला आपल्याच जिल्ह्यातलं. घरात विरलेली पैठणी असेल तर तिचा काठ कवचाच्या गळ्याला लावा, विकतची कुठलीही लेस त्याच्यापुढे फिकी पडेल.

कवच: कापणं, वळवणं, जोडणं

नमुना फोमवर आखा. कटर एका दमात आरपार दाबू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवला की कड सरळ येते. पातं बोथट झालं की फोम फाटतो, म्हणून टोक मोडून नवं काढत राहा. कापण्याचं आणि तापवण्याचं काम मोठ्यांचंच.

वळण जोडण्याआधी द्यायचं. हीट गन असेल तर ती फोमपासून वीतभर लांब धरून सतत फिरवत ठेवा. पृष्ठभाग किंचित चमकू लागला की फोम मोठ्या पातेल्यावर दाबून थंड होईपर्यंत धरा. हीट गन नसेल तर वर बटर पेपर ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवली तरी चालतं. खिडक्या उघड्या ठेवा. जळका वास आला किंवा धूर दिसला तर थांबा, फोम जास्त तापला आहे.

याच वेळी एक खास नाशिकचं काम करून घ्या. जुन्या नाशकातली तांबट आळी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. मठारलेल्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांचे जे गोल खळगे ओळीने दिसतात, ते फोमवरही उठवता येतात. फोम गरम असताना पळीची गोल पाठ त्यावर ओळीने दाबत जा. थंड झाल्यावर खळगे तसेच राहतात आणि रंग चढला की धातू ठोकून घडवल्याचा भास होतो.

जोडणीला फेविबॉन्डसारखा रबरी गोंद हवा. दोन्ही कडांना पातळ थर लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर गोंद बोटाला येईनासा झाला की कडा एकमेकींवर दाबा. हा गोंद लगेच पकडतो, म्हणून आधी नीट जुळवून मगच टेकवा. त्याची वाफ पेट घेते. गॅसजवळ, समईजवळ किंवा उदबत्ती चालू असलेल्या खोलीत तो उघडू नका. पुठ्ठ्याला आणि कापडाला फेव्हिकॉल पुरेसा आहे. गरम गोंदाची बंदूक बारीकसारीक कामांना ठीक, पण तिचा जोड उन्हात सैल पडतो. खांद्याच्या पट्ट्यांना ती वापरू नका.

खवल्यांचं चिलखत हवं असेल तर दोन मिलिमीटरच्या फोमचे तीन सेंटिमीटर रुंद, खालून गोल असे तुकडे कापा. सर्वांत खालची ओळ आधी चिकटवायची. तिच्या वरच्या कडेवर पुढची ओळ, आणि प्रत्येक ओळीत तुकडा अर्ध्याने सरकवायचा, घराच्या कौलांसारखा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात माशाच्या खवल्यांचं चिलखत आहे. मुलांना ते एकदा दाखवा, खवला खवल्यावर का चढतो हे तिथे पटकन कळतं. वेलबुट्टीसाठी सुतळी फेव्हिकॉलमध्ये बुडवून आखलेल्या रेघेवर बसवा. सूर्यवंशी रामाच्या छातीवर मधोमध सूर्य शोभतो.

पाठीला पूर्ण कवच लावू नका. फोममधून हवा जात नाही आणि नाशकात धुळवडीला दुपारी चांगलंच तापतं. पुढचं कवच, खांद्यावरून मागे जाणाऱ्या दोन रुंद पट्ट्या आणि पाठीवर त्यांची फुली, एवढी बांधणी पुरते. पट्ट्या कमरेपाशी वेल्क्रोने जोडा. सगळा भार खांद्यांवर यावा. गळ्याभोवती बांधलेलं किंवा गाठ मारलेलं काहीही नको.

रंग: आधी काळा, मग झळाळी

सरळ सोनेरी रंग फासला की वस्तू खेळण्यासारखी दिसते. आधी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून फोमला तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. मग सगळीकडे काळपट तपकिरी रंग. तो वाळला की ब्रश सोनेरी किंवा तांब्याच्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि उंचवट्यांवरून हलका फिरवा. कडा, सुतळीची वेल, खवल्यांची टोकं उजळतात, खळगे गडद राहतात. उजेड-सावलीच्या या फरकामुळेच डोळा त्याला धातू मानतो. शेवटी ॲक्रिलिक वॉर्निशचा एक हात द्या, म्हणजे घाटावरचे शिंतोडे रंग उतरवणार नाहीत. कोरडी सोनेरी भुकटी उधळून वापरू नका, ती श्वासात जाते.

रंगवताना मधूनच वस्तू भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि बघा. मिरवणुकीत लोक दहा-पंधरा फुटांवरून बघतात. तेवढ्या अंतरावरून आकार आणि झळाळी कळते, नखाएवढी नक्षी कळत नाही. जवळच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये रामायणाचं विश्व पडद्यावर आणलं, तेही बिनरंगाच्या चित्रपटात. तिथे भूषणांची शोभा उठायची ती उजेड आणि सावलीच्या बळावरच. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लेक मंदाकिनी. घरच्या मुलांना देवाचा वेश चढवण्याची नाशिकची हौस अशी पडद्यावरही पोचलेली आहे.

जटा, मुकुट आणि मुखवटा

रामाच्या जटांसाठी काथ्या किंवा सुतळी उकलून काळ्या-तपकिरी रंगात बुडवा आणि वाळवा. सुती टोपीवर ती गोल गुंडाळत वर अंबाडा बांधा, सुई-दोऱ्याने टाके घाला आणि भोवती रुद्राक्षांची माळ. टोपीमुळे काथ्या टोचत नाही.

हनुमान किंवा रावण करायचा असेल तर मुकुट कागदाच्या लगद्याचा करा. ही विद्या आपल्या जिल्ह्यात जिवंत आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. संबळाच्या तालावर रात्रभर देव-दानवांची सोंगं नाचतात आणि त्यांचे मोठाले मुखवटे लाकडाचे किंवा कागदी लगद्याचे असतात. नाचणारा डोक्याला फडकं बांधून त्यावर मुखवटा आवळतो. तेवढं वजन घेऊन नाचता येतं ते या बैठकीमुळे. आपणही तेच करायचं, आत नेहमी सुती फडकं.

रद्दी रात्रभर भिजवा, पिळून कुटा. त्यात मेथीची पूड, मुलतानी माती आणि थोडा फेव्हिकॉल मिसळून कणकेएवढं घट्ट मळा. मेथीमुळे चिकटपणा येतो आणि कीडही दूर राहते. कागद चिकटवायच्या खळीला पूर्वी किडीसाठी मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या वस्तूत नको. डोक्याच्या घेराच्या पातेल्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवा. तिच्यावर खळ लावलेल्या कागदी पट्ट्यांचे चार-पाच थर द्या, प्रत्येक थर वाळला की पुढचा. उठावाच्या नक्षीपुरताच लगदा वापरा. सगळा मुकुट लगद्याचा केला तर जड होतो आणि वाळायला आठवडा घेतो. नंतर रंग, त्यावर बेगड, टिकल्या, आरसे.

लहान मुलांना तोंड झाकणारा मुखवटा घालू नका. त्यातून पायाखालचं दिसत नाही, श्वास कोंडतो आणि गर्दीत आईला मुलाचा चेहरा दिसत नाही. मिशा काजळाने काढा, कपाळाला गंध लावा. चेहऱ्याला भिंतीचा किंवा चित्रकलेचा रंग कधीच नको. चेहऱ्यासाठीचा रंगही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

धनुष्य, भाता, गदा

धनुष्यासाठी बुरुडाकडून बांबूची चिरफळी तासून आणा. सळ टोचू नये म्हणून सँडपेपरने घासा. लांबी मुलाच्या खांद्यापेक्षा जास्त नको. मुठीला सुती पट्टी गुंडाळा, दोन्ही टोकांना फोमची कमळं किंवा मकरमुख बसवा. दोरी सैल इलॅस्टिकची लावा, म्हणजे धनुष्य ताणलेलं दिसेल पण बाण सुटणार नाही. बाण भात्यातच चिकटवून टाका. भाता म्हणजे कापडाच्या ठाणातली पुठ्ठ्याची नळी, त्यावर जुना काठ. बाणांची टोकं फोमची, बोथट.

गदेसाठी हलका प्लॅस्टिकचा चेंडू आणि तशीच पुठ्ठ्याची नळी. चेंडूवर फोमच्या उभ्या पाकळ्या लावा. तलवारीच्या आत पुठ्ठ्याचा कणा, भोवती फोम. लोखंडी सळई, तार किंवा पत्रा कुठल्याही शस्त्रात नको, शेजारच्या मुलाच्या डोळ्याची जबाबदारीही आपलीच आहे.

सगळं झालं की एकत्र वजन करा. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं. पोशाख-शस्त्रं मिळून त्याच्या निम्म्यात बसवा. वीस किलोच्या मुलाला एक किलोपर्यंत. जास्त भरलं तर आधी शस्त्र हलकं करा, मग मुकुट.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी आणि वाटेवर

आदल्या दिवशी मुलाला पूर्ण पोशाख घालून अर्धा तास घरात वावरू द्या. जिना चढ-उतर करायला लावा. तांबडे वळ उठले तिथे अस्तर वाढवा. मग सगळा पोशाख सुटायला किती वेळ लागतो ते बघा. एका हाताने, क्षणात सुटला पाहिजे. शौचाला जाताना सगळं उतरावं लागणार नाही, याचीही खात्री करा.

पायात खडावा किंवा गुळगुळीत मोजडी नको. रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. खाली रबर असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल घाला आणि तिला वरून सुतळी गुंडाळून वेशात बसवा. शेला घोट्याच्या वर संपावा. पाण्याच्या कडेला जाण्याआधी कवच आणि शस्त्रं उतरवा. भिजलेलं अस्तर जड होतं आणि पट्ट्या मुलाच्या हालचालीला आडव्या येतात.

विस्तवाशी तडजोड नाही. फोम, गोंदाचे थर आणि नायलॉनचे शेले झटकन पेटतात आणि वितळून कातडीला चिकटतात. म्हणून शेला, धोतर, अस्तर सुतीच घ्या. होळीची प्रदक्षिणा कवच उतरवून, मुलाला कडेवर किंवा हाताशी धरून घाला. मुलाच्या कपड्याच्या आत, घरच्यांच्या फोन नंबराची चिठ्ठी पिनने लावा. पाण्याची बाटली सोबत असू द्या.

कामात मुलांचा वाटा

पाच-सहा वर्षांचं मूल सुतळी चिकटवू शकतं, लगदा मळू शकतं, टिकल्या लावू शकतं. दहा वर्षांचं मूल नमुना आखू शकतं, रंग देऊ शकतं. आजीला टाके येतात, आजोबांना बांबू तासता येतो. खराच्या सैन्यापुढे एकटा उभा राहिलेला राम, त्याने गुहेत सुरक्षित ठेवलेली सीता, ही कथा सूर्य कापताना आणि खवले लावताना सांगा. ज्या मुलाने आपल्या कवचावरचा प्रत्येक खवला स्वतः लावला आहे, त्याला रामकुंडावर आपण कोण म्हणून चाललो आहोत, हे सांगावं लागत नाही.

मिरवणूक झाली की पोशाख ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, कवचाच्या पोकळीत रद्दीचे बोळे भरून उभा ठेवा. वर काही जड रचू नका, फोमचं वळण मोडतं. पुढच्या वर्षी मूल वाढलं की बाजूंना दोन पट्ट्या जोडल्या की तेच कवच पुन्हा बसतं. त्यानंतर ते धाकट्याला, मग शेजारच्या घराला द्या.

सगळं एकाच वर्षी करण्याचा हट्ट धरू नका. पहिल्या वर्षी छातीचं कवच आणि धनुष्य, एवढंच घ्या आणि चोख करा. दुसऱ्या वर्षी बाजूबंद आणि भाता, तिसऱ्या वर्षी मुकुट. आज एवढंच करा: वर्तमानपत्र दुमडा, मुलाला समोर उभं करा आणि पहिला नमुना कापा.